मिस हेस्टरच्या नावाचा गुलाब

इस्मे बर्च बसमध्ये चढली आणि कुणाशी एक शब्द न बोलता सरळ मागच्या बाकावर जाऊन बसली. एकोणसाठ वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. या बेटावर माणूस बसमध्ये चढला की आधी अख्ख्या बसला नमस्कार घालतो, मग तिकिटाचं बघतो. चोरसुद्धा आधी नमस्कार घालतो आणि मग चोरी करतो, असं इथं गमतीनं म्हणतात. ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं आणि बस जागच्या जागी गुरगुरत ठेवली. "नमस्कार, मिस बर्च," तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. इस्मेनं खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्या बाकावरची कांद्याच्या पिशवीवाली बाई शेजारणीला म्हणाली, "तोंडात मिठाची गुळणी धरलीय वाटतं." शेजारीण म्हणाली, "नोंदणी कचेरीतल्या ना त्या? तिथं बोलायचं नसतंच, नुसतं लिहायचं असतं." दोघी हसल्या. ड्रायव्हरनं शेवटी गाडी सोडली, पण त्यानं ब्रेक असा मारला की इस्मेची हॅट समोरच्या दांड्यावर आपटली. एरवी तिनं त्याला दोन शब्द सुनावले असते. आज तिच्याजवळ त्याच्यासाठी राग शिल्लक नव्हता. सगळा एकाच ठिकाणी लागला होता, शेतकी प्रदर्शनातल्या तिसऱ्या तंबूत, तळहाताएवढ्या एका पांढऱ्या पाटीवर.

दरवर्षी ती त्या प्रदर्शनाला जायची. कांदे बघायचे, बकऱ्या बघायच्या, लिलीच्या वासानं डोकं चढलं की बाहेर येऊन आल्याचं सरबत प्यायचं, एवढाच कार्यक्रम. गुलाबांच्या तंबूत ती सहसा जात नसे, कारण तिथं गुलाबमंडळाच्या बायका पांढरे हातमोजे घालून उभ्या असत आणि येणाऱ्याला आपण कशाला तरी हात लावला आहे असं वाटत असे. आज ती गेली ती वासामुळं. बाहेरून जाताना तिला इस्त्रीच्या ओल्या कापडाचा आणि लवंगेचा वास आला, आणि तो वास तिच्या घराच्या भिंतीचा होता. आत टेबलावर उंच बरणीत फांदी ठेवली होती. तांबडा, पण साधा तांबडा नव्हे, आतल्या बाजूला काळोखी धरलेला. जुनी होत चाललेली फुलं जांभळट पडलेली. काटे मागं वळलेले, म्हणजे हात आत घालताना काही बोलत नाहीत, काढताना सोडत नाहीत. इस्मेच्या मनगटावर त्या काट्यांच्या पन्नास वर्षांच्या खुणा होत्या. माणूस ओळखतात तसं तिनं फूल ओळखलं, चेहऱ्याआधी चालीवरून. आणि मग तिनं पाटी वाचली. ‘हेस्टर हॉलिस. वेली गुलाब, तांबडा. फार जुना. मूळ नाव अज्ञात.’

मूळ नाव अज्ञात. मंडळाची रीत अशी होती की जुन्या आवारांतून, पडक्या भिंतींवरून जे बिननावाचे गुलाब सापडत, त्यांना ज्या बागेत सापडले तिच्या मालकाचं नाव द्यायचं. रीत वाईट नव्हती. इस्मेनं स्वतः कचेरीत अशी बिननावाची मुलं लिहून घेतली होती आणि त्यांना कुणाचं तरी नाव लावून दिलं होतं. पण बाग कुणाची? जमीन जिची ती बागवाली, की जिनं गुडघे टेकून माती उकरली ती? मिस हेस्टर हॉलिस हिनं जन्मात मातीला हात लावला नव्हता. तिचे हात इस्मेला नीट आठवत होते: मऊ, फुगीर, भिजत घातलेल्या पावासारखे. त्या हातांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, खालचे कपडे आईनं चौतीस वर्षं धुतले होते. एवढं सगळं धुऊन झाल्यावर त्या बाईनं मरताना आईला एक तडा गेलेली चहादाणी दिली आणि आता, मरून बारा वर्षं झाल्यावर, आईचा गुलाब नेला. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती इस्मेला त्या तंबूत पहिल्यांदा खरोखर पायापासून वर येताना जाणवली, आधी घोट्यात, मग पोटऱ्यांत. एक हातमोजेवाली जवळ येऊन म्हणाली, "सुंदर आहे ना?" आणि इस्मे उत्तर न देता बाहेर पडली.

बस वळणावरून समुद्राच्या बाजूला लागली तरी तिला समुद्र दिसला नाही. तिला मिस हेस्टरच्या स्वयंपाकघरामागची भिंत दिसत होती. आई जुन्या मोज्यांच्या पट्ट्या फाडून दातांत धरायची आणि गुलाबाच्या लांब फांद्या एकेक करून खाली ओढायची, आडव्या करायची, खिळ्यांना बांधायची. फांदी उभी वाढू दिली तर शेंड्याला चार फुलं येतात, आडवी बांधली की डोळ्याडोळ्याला फुटवा येतो आणि भिंतच्या भिंत तांबडी होते. हे आईला तिच्या आईनं शिकवलं होतं. एकदा मिस हेस्टर पाहुण्यांना घेऊन मागच्या दारी आली. इस्मे तेव्हा नऊ वर्षांची, पट्ट्या हातात देत उभी. मिस हेस्टर म्हणाली, "बघा, वाकवल्याशिवाय फुलत नाही ही जात," आणि गुलाबाकडं बघून म्हणता म्हणता तिनं इस्मेकडं पाहिलं. पाहुणे हसले. आईही हसली, तोंडात पट्ट्या होत्या तरी. मिस हेस्टरचा राग इस्मेनं कधीच वापरून संपवला होता. आईच्या त्या हसण्याचा राग मात्र पन्नास वर्षं तसाच राहिला होता, भांड्याच्या बुडाला लागलेल्या करपट्यासारखा. घासलं की हात दुखायचे, निघत काही नव्हता.

घरी आई ओट्याशी बसून उद्याच्या रविवारसाठी खारवलेला मासा पाण्यात घालत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, तीन वर्षांत देवळाची पायरी चढली नव्हती, पण रविवारचा मासा आणि बटाटे दुसऱ्या कुणाला करू देत नसे. मागच्या दाराबाहेर चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीवर तांबडा गुलाब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला होता. मिस हेस्टरच्या घरातून हे दोन खोल्यांचं घर घेऊन बाहेर पडताना आईनं तिथल्याच काड्या आणून इथं लावल्या होत्या.

"आई, तुझा गुलाब त्यांनी तंबूत मांडलाय," इस्मे हॅट न काढताच म्हणाली. "तिच्या नावानं."

"कुणाच्या?"

"मिस हेस्टरच्या. पाटी केलीय. हेस्टर हॉलिस, वेली, तांबडा."

आईनं माशावरचं पाणी ओतून टाकलं आणि नवं घातलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मीच सांगितलं तसं."

इस्मेला आधी वाटलं, म्हातारपणी होतो तो घोटाळा झाला. पण आईच्या आवाजात घोटाळा नव्हता. सहा वर्षांपूर्वी, ती सांगत होती, मिस हेस्टरच्या भाच्यांनी घर विकायला काढलं तेव्हा झाडझूड करायला तिला बोलावलं होतं. तेव्हा एक गोरी बाई मागच्या दारी आली, नमस्कार घालून, हातात वही घेऊन. म्हणाली, हा गुलाब कुणाचा? "मी म्हटलं, मिस हेस्टरचा. तिनं स्वतःच्या हातानं लावला, रोज स्वतः पाणी घालायची. लिहून घेतलंन् बिचारीनं."

"स्वतःच्या हातानं!" इस्मेचा आवाज चिरकला. "अगं, चौतीस वर्षं तिची घाण धुतलीस तेवढं पुरलं नाही तुला? वर आणखी झाडही द्यायचं?"

"ओरडू नको. त्या मुडदीला जन्मात एक रोप लावता आलं नाही. मेल्यावर तिच्या नावावर एक लागलं, तर तुझं काय जातं?"

"माझं जातं! तुझं नाव जातं!"

"जाऊ दे की. नाव गेलं तर परवडतं, पोरी. नावावरून माणसाला शोधत येतात, ते परवडत नाही." आईनं ओले हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले. "वही घेऊन आलेल्या माणसाला आपलं काही सांगू नये. तुझ्या आजीनं सांगितलं होतं."

ती गोष्ट इस्मेला ठाऊक होती, म्हणजे तिच्या कडा ठाऊक होत्या. बेटाच्या पूर्वेच्या टोकाला, खाडीपलीकडं, त्यांची वस्ती होती. आजीचं, डॉर्कसचं, स्वतःचं घर होतं, पावसाच्या पाण्याची टाकी होती, कबरस्तानाच्या भिंतीवरून आणलेला हा गुलाब होता. एक माणूस आला. आईनं आता त्याची टोपीसुद्धा सांगितली, गवती, निळ्या फितीची. तो इतका सभ्य की आजीनं त्याला आल्याचं सरबत दिलं आणि खुर्ची पुसून दिली. त्यानं नाव विचारलं. आजी लिहायला शिकलेली, त्या वस्तीत शिकलेल्या तिघींपैकी एक. तिनं अक्षर अक्षर फोडून आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि त्यानं ते बरोबर लिहिलं की नाही हे वहीत वाकून पाहिलं. मग तो म्हणाला, झाडं किती? देवदार दोन. टाकी? एक. आणि हा सुंदर गुलाब? एक. जाताना त्यानं हॅट काढून नमस्कार घातला. पुढच्या पावसाळ्याआधी कागद आला. त्यावर आजीचं नाव होतं, आणि एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. देवदार दोन, टाकी एक, गुलाब एक, सगळं बरोबर. घर सोडून निघायची तारीख होती, वेळ होती. तिथं आता पाहुणे गोल्फ खेळतात. "आजी मरेपर्यंत म्हणायची," आई म्हणाली, "मी त्याला दार लावून घेतलं असतं तरी तो आला असता. पण त्याला रस्ता माझ्या तोंडानं सांगितला, तेवढं नको होतं."

इस्मेला त्यातला एकच भाग स्वतःचा म्हणून आठवत होता. ती पाच वर्षांची, छकड्यात आईशेजारी बसलेली. आजीनं आणि आईनं रविवार नसताना हॅट घातलेल्या, चांगले काळे बूट घातलेले, त्यामुळं तिला वाटलं होतं आपण कुठंतरी जत्रेला चाललो आहोत. तिच्या मांडीवर ओल्या गोणपाटाचं गाठोडं होतं, त्यात गुलाबाच्या काड्या, पुढं मिस हेस्टरच्या भिंतीला लागल्या त्याच. पाणी फ्रॉकमधून पायांवर झिरपत होतं, गुडघ्यात एक काटा शिरला होता, आणि ती रडायला लागली तेव्हा आई समोर बघत म्हणाली होती, "घट्ट धर. सोडू नको." बाकी सगळं नंतर कुणीतरी सांगितलेलं. काटा मात्र तिचा स्वतःचा.

"उद्या मी त्या बाईकडं जाणार," इस्मे म्हणाली. "मिसेस प्रायर. मंडळाची वही त्यांच्याकडंच असते."

"जाऊ नकोस."

"पन्नास वर्षं झाली, आई! तो माणूस मेला, मिस हेस्टर मेली. या गुलाबवाल्या आहेत, त्यांना फुलं पाहिजेत, घरं नकोत. आणि मी काय लपून राहायचं जन्मभर? एकतीस वर्षं या बेटावरच्या प्रत्येक माणसाचं नाव मी लिहितेय. जन्मल्याचं लिहितेय, मेल्याचं लिहितेय. माझ्या आईचं नाव एका पाटीवर लिहून घेता येत नसेल तर चुलीत गेली ती कचेरी."

आईनं माशाच्या भांड्यावर ताट झाकलं आणि ताटावर दगड ठेवला, मांजरासाठी.

रविवारी देवळात पाद्रीबुवा क्षमेवर बोलत होते आणि इस्मे मनात मिसेस प्रायरशी भांडत होती. तिनं वाक्यं घोटून ठेवली. तुम्हाला भिंत दिसली, भिंतीवर फांद्या बांधणारी दिसली नाही. हे एक. तुमच्या वहीत बायांचे दोनच प्रकार आहेत, मालकीण आणि अज्ञात. हे दुसरं, हे तिला फारच आवडलं होतं. दुपारी बाराला ती मिसेस प्रायरच्या व्हरांड्यात उभी राहिली तेव्हा ही वाक्यं तिच्या जिभेवर गरम होती. मिसेस प्रायर सत्तरीच्या, उन्हानं चामडं झालेला चेहरा, हातांवर तिच्यासारखेच काट्यांचे ओरखडे. हे इस्मेला अपेक्षित नव्हतं आणि तिला त्याचा राग आला.

"नमस्कार," मिसेस प्रायर म्हणाल्या.

"त्या पाटीवरचं नाव खोटं आहे," इस्मे म्हणाली.

मिसेस प्रायर थांबून राहिल्या. रागानं नव्हे, नुसत्या थांबल्या, दारात कुणी अडलं की आपण बाजूला होतो तशा. आणि इस्मेच्या तोंडून, एकोणसाठ वर्षांच्या सवयीनं, "नमस्कार, मिसेस प्रायर," निघून गेलं. निघाल्यावर तिला स्वतःची जीभ हासडावीशी वाटली.

पुढं जे झालं त्याला भांडण म्हणता येईना. मिसेस प्रायरनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला. "अगं बाई! आणि मी इतकी वर्षं ते लोकांना सांगत फिरतेय. मला संशय होताच. हेस्टरला मी ओळखत होते, तिला निवडुंगही जगवता आला नसता. पण मिस बर्च, तुम्ही आधी का नाही आलात?" आधी का नाही आलात! जणू दार उघडंच होतं आणि हीच वेडी बाहेर उभी. इस्मे घोटलेली वाक्यं शोधत राहिली, पण ती कुणावर टाकायची? समोरची बाई तर चष्मा शोधत होती. "खरं नाव मिळालं तर आम्हाला हवंच असतं," म्हणत त्यांनी वही उघडली, पेन्सिल घेतली.

"शाईनं लिहा," इस्मे म्हणाली.

मिसेस प्रायर हसल्या, आत जाऊन पेन घेऊन आल्या. पूर्ण नाव? क्लारिंडा बर्च. इस्मेनं अक्षर अक्षर फोडून सांगितलं आणि वहीत वाकून पाहिलं. बरोबर होतं. राहतात कुठं? तिनं सांगितलं, दलदलीच्या कडेची गल्ली, पांढरी भिंत. भिंत केवढी? चाळीस फूट. त्याआधी हा गुलाब कुठून आला? खाडीपलीकडून, आजीच्या घरून. आजीचं नाव? तेही. मिसेस प्रायरचं पेन भराभरा चाललं होतं, चांगलं वळणदार अक्षर. "आवारात आणखी काही जुनं आहे? झाड वगैरे?" "लिंबाचं एक," इस्मे म्हणाली, "आणि टाकी एक." हे म्हणताना तिला आपला आवाज ऐकू आला. तो तिचा रोजचा आवाज नव्हता. खुर्ची पुसून देणारा, नाव नीट लिहिलं गेलं म्हणून खूष झालेला आवाज होता तो. पण तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. काय मूर्खपणा, ती स्वतःला म्हणाली, ही फुलं गोळा करणारी म्हातारी आहे, आणि हे साल काय, आपण कोण, कचेरीत आपली खुर्ची कुठली. तिनं आणखी ताठ बसून आजीचं जन्मसालही सांगून टाकलं.

"मंगळवारी चार वाजता आम्ही तिघी येऊ," मिसेस प्रायर तिला फाटकापर्यंत पोचवत म्हणाल्या. "नुसतं बघायला. चालेल ना तुमच्या आईंना?"

"चालेल," इस्मे म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिनं इतक्या मोठ्यानं नमस्कार घातला की कडेवरचं एक मूल दचकलं. बसभर नमस्कार उठले. जिंकल्यावर माणसाला कसं वाटतं याची ती वाट बघत राहिली. वाटत होतं ते असं, की जोरात ढकलायला गेलं आणि दार आधीच उघडं निघालं. राग होता तिथंच होता, फक्त त्याला आता पत्ता नव्हता. हरकत नाही, ती म्हणाली, पाटी तर बदलेल. पुढच्या वर्षी आईला खुर्चीत घालून तंबूत न्यायचं. त्या हातमोजेवालीला म्हणायचं, हो, सुंदर आहे, ही बघा, ही क्लारिंडा बर्च.

गल्लीत वळल्यावर तिला आधी कळेना काय चुकतंय. घर उघडं दिसत होतं. मग कळलं, भिंत. चाळीस फूट पांढरी भिंत, नुसती पांढरी, खिळे तेवढे तांबूस, आणि खिळ्यांना मोज्यांच्या पट्ट्या लोंबत होत्या. खाली अंगणभर फांद्या पडल्या होत्या, फुलांसकट, ढिगानं. बुंधा जमिनीपासून वीतभर वर कापलेला, शेजारी करवत. उन्हात लवंगेचा वास दाट साचला होता.

आई मागच्या दारात खुर्चीवर बसली होती. तिनं हॅट घातली होती. पायांत काळे बूट होते, नाड्या बांधलेल्या. गेली तीन वर्षं तिला पायापर्यंत वाकता येत नव्हतं, इस्मे तिची नखं कापायची, आणि नाड्या बांधलेल्या होत्या. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलेले, रक्त वाळलेलं. शेजारी पत्र्याची पेटी आणि तडा गेलेली चहादाणी. मांडीवर ओल्या गोणपाटाचं गाठोडं, त्यातून गुलाबाच्या काड्यांची टोकं बाहेर आलेली.

"सांगितलंस?" आईनं विचारलं.

"हे काय केलंस? काय केलंस हे तू?"

"सांगितलंस का ते बोल."

"सांगितलं."

"माझं नाव?"

"तुझंच. शाईनं."

आईनं मान हलवली. ती रागावली नव्हती. ती रागावली असती तर इस्मेला जमिनीवर पाय टेकता आले असते. "आजीचं?"

"हो! आजीचं, टाकीचं, लिंबाचं, सगळं सांगितलं!" इस्मे किंचाळली. देवळात घालायचे हातमोजे तिच्या हातून गळून फांद्यांत पडले. "गुलाब बघायला येणार आहेत त्या, आई! म्हाताऱ्या बायका! नुसतं बघायला!"

"तोही बघायलाच आला होता," आई म्हणाली.

इस्मे ओरडत राहिली. मिस हेस्टरवर ओरडली, निळ्या फितीच्या टोपीवर ओरडली, मिसेस प्रायरच्या चांगुलपणावर ओरडली, सहा वर्षं गप्प बसलेल्या या बाईवर ओरडली, आणि वहीत वाकून अक्षरं तपासणाऱ्या स्वतःवर तर सगळ्यात जास्त. शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि हळूच बंद झाली. आई तिचं संपायची वाट बघत बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, वरात निघायला उशीर होतोय अशा चेहऱ्यानं. मग तिनं विचारलं, "किती वाजता यायचेत?"

"मंगळवारी," इस्मे म्हणाली. तिचा आवाज गेला होता. "चार वाजता."

आईनं मनाशी हिशेब केला. "मग निघायला आहे वेळ," ती म्हणाली. "बस इथं, मला जरा पेटीतलं बघू दे." इस्मे पायरीवर बसली. आईनं आपल्या मांडीवरचं गाठोडं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. पाणी देवळातल्या चांगल्या झग्यातून खाली पायांवर झिरपायला लागलं.

"घट्ट धर," आई म्हणाली.